एंजलची जोडी अंडी घालते, पण पिल्लं टिकत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा. साधारण दोनशे लिटरच्या सामायिक टँकमध्ये पाच एंजल मासे, छोट्या निऑन टेट्रांचा थवा, तळाशी फिरणारे थोडे कोरी आणि काचा-पाइप तोंडाने खरवडणारा एक प्लेको आहे. पाचांपैकी दोघांनी जोडी केली आहे. मादी काळसर ब्लॅक लेस, नर साधा चंदेरी, पट्ट्यांचा. दर दोनेक आठवड्यांनी ते फिल्टरच्या पाइपवर अंडी घालतात. कधी निम्मी अंडी पांढरी पडतात, कधी सकाळी पाहावं तर एकही शिल्लक नसतं. एकदाच पिल्लं पोहू लागली, तीही चार दिवसांत संपली. जोडी खरी आहे ना, अंडी काढून घ्यावीत का, औषध कोणतं घालावं, पिल्लांना काय द्यावं आणि पिल्लं काळी निघतील का, एवढं विचारलं आहे.

जोडी खरी आहे. एकदा का होईना पिल्लं पोहली, म्हणजे नर-मादी आहेत. आणखी पुरावा नको. हे आधी सांगतो, कारण दोन माद्यांची ‘जोडी’ एंजलमध्ये सर्रास दिसते. दोघी मिळून पाइप साफ करतात, इतरांना हाकलतात, दोघी अंडी घालतात, पहाराही देतात. फक्त अंडी फलित करायला कोणी नसतं, आणि दीड-दोन दिवसांत सगळीच्या सगळी पांढरी होतात. कपाळाचा उंचवटा, परांची लांबी, अंगाचा आकार यावरून नर-मादी ठामपणे सांगणारे बरेच भेटतील. त्यांचं बरोबर आलं तर चांगलंच, पण त्यावर विसंबू नये. भरवशाची खूण एकच आणि तीही अंडी घालण्याच्या आसपासच दिसते: पोटाखाली बाहेर येणारी छोटी नळी. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. अंडी घालण्याच्या आदल्या दिवशी काचेशी डोळे नेऊन बसलं तर दोन्हींतला फरक स्पष्ट कळतो.

आता अंड्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. पुढची दोन-तीन खेप अंडी वाचवायच्या फंदात पडू नका. खाऊ देत, पांढरी होऊ देत. पिल्लांचं अन्न हातात तयार नसताना वाचवलेल्या अंड्यांतली पिल्लं आठवड्याभराने उपाशी मरतात, एवढाच फरक. तुमची ती चार दिवसांत संपलेली पिल्लं बहुतेक तशीच गेली असणार, आणि जी उपासाने गेली नाहीत ती निऑनच्या पोटात किंवा फिल्टरच्या तोंडात. एंजल पुन्हा दहा-पंधरा दिवसांत अंडी घालतातच. तेवढा वेळ आर्टेमिया काढायचा हात बसवायला वापरा.

आर्टेमिया म्हणजे ब्राइन श्रिंप, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. त्याची कोरडी, तपकिरी, बारीक रव्यापेक्षाही बारीक अंडी डब्यात मिळतात, आणि मिठाच्या पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात त्यातून नारिंगी ठिपक्यांसारखी जिवंत पिल्लं निघतात. एंजलच्या पिल्लाच्या तोंडात पहिल्याच दिवशी मावेल, हलत असल्यामुळे नजरेत भरेल आणि पोषणही देईल, असं यापेक्षा चांगलं अन्न मला माहीत नाही. कृती सोपी आहे. प्लॅस्टिकची दीड-दोन लिटरची बाटली, बूड कापून उलटी अडकवलेली. लिटरमागे पंचवीस ते तीस ग्रॅम मीठ. हवेची नळी थेट खालच्या टोकापर्यंत, आणि बुडबुडे इतके जोरात की एकही अंडं तळाशी बसता कामा नये. तापमान २६ ते २८ अंश, वरून दिवा. चोवीस ते तीस तासांत पाणी नारिंगी दिसू लागतं. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात आणि जिवंत माल त्याच्या जरा वर, उजेडाच्या बाजूला गोळा होतो. तो पातळ नळीने ओढून घ्यायचा, बारीक विणीच्या कापडात गाळायचा, गोड्या पाण्याने धुवायचा आणि मगच टँकमध्ये. टरफलं शक्य तितकी टाळा. ती पिल्लांना पचत नाहीत आणि पोटात अडकतात.

यात एक बारकावा आहे, तो माहीत नसल्यामुळे बरेच जण ‘आर्टेमिया देऊनही पिल्लं वाढत नाहीत’ म्हणतात. नुकत्याच निघालेल्या आर्टेमियाच्या अंगात स्वतःचा साठा असतो आणि तोच तुमच्या पिल्लांचं खरं पोषण. काही तासांत तो साठा तो जीव स्वतःच खर्च करून टाकतो. सकाळी निघालेला माल रात्री दिला तर पिल्लाचं पोट भरलेलं दिसतं, पण त्यात दम नसतो. म्हणून दोन बाटल्या ठेवा आणि बारा तासांच्या अंतराने लावा. एक संपत आली की दुसरी तयार. ही दोन बाटल्यांची शिस्त तुम्ही आठवडाभर न चुकता पाळू शकलात, पिल्लं नसताना, निव्वळ सराव म्हणून, तर तुमची पिल्लं जगतील असं मी बिनधास्त सांगेन. सरावात निघालेला माल वाया जात नाही, निऑन त्यावर तुटून पडतात.

उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नका. जुन्या सल्ल्यांत तो हटकून असतो. पिल्लं त्यातला थोडा भाग खातात आणि उरलेला पाण्यात विरघळून काही तासांत टँक नासवतो. मायक्रोवर्म, म्हणजे अगदी बारीक जिवंत कृमी, चालतील, पण ते तळाशी जातात आणि एंजलची पिल्लं पाण्याच्या मधल्या थरात तरंगत असतात, त्यामुळे निम्मे वर्म तसेच राहतात. आर्टेमियाला जोड म्हणून ठीक, त्याच्याऐवजी नको. पुडीतलं बारीक कोरडं खाद्य तिसऱ्या आठवड्यापासून थोडं थोडं, आर्टेमियाच्या आधी, पिल्लं भुकेली असताना टाकून सवय लावायची.

अन्नाचं झालं. आता अंडी पांढरी का पडतात ते बघू.

एंजल अंडी कशी घालतात ते एकदा शांतपणे पाहा. मादी पाइपच्या तळापासून वर सरकत जाते, पोट जवळजवळ पाइपला टेकवून, आणि मागे अंड्यांची एक ओळ चिकटत जाते. ती बाजूला झाली की लगेच नर त्याच ओळीवरून तसाच वर सरकतो. पुन्हा मादी, पुन्हा नर, असं तासभर किंवा दोन तासही चालतं. नराने सोडलेले शुक्रजंतू पाण्यातूनच अंड्यांपर्यंत पोचायचे असतात आणि त्यांच्याकडे वेळ फार थोडा असतो. आता हे सगळं फिल्टरच्या पाइपवर, चालू प्रवाहाजवळ होत असेल तर निम्मं वाहून जाणारच. तुमची अर्धी अंडी पांढरी पडण्याचं हे पहिलं कारण मी धरेन. मादी पाइप साफ करू लागली आणि तिच्या पोटाखालची नळी दिसली की त्या दोन तासांपुरता फिल्टर मंद करा, आणि नंतर आठवणीने पूर्ववत करा.

दुसरं कारण नराचं वय. एंजल आठ ते बारा महिन्यांत वयात येतात, पण कोवळ्या नराच्या पहिल्या काही खेपा अर्धवटच जातात. ते आपोआप सुधारतं. तिसरं कारण पाणी, पण त्याची भीती जरा जास्तच घातली जाते. एंजल मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, संथ, कोमट, मऊ आणि किंचित आम्ल पाण्यातले. मात्र टँकमध्ये मिळणारे बहुतेक सगळे टेरोफिलम स्केलरे या जातीच्या, पिढ्यान्‌पिढ्या पाळीव झालेल्या वंशातले असतात आणि सामू (pH) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असेल तर ते खुशाल अंडी घालतात. फार जड पाण्यात फलन कमी होतं, हे खरं आहे. पाण्यात क्षार भरपूर असतील आणि खेपेमागून खेप बहुतांश पांढरी जात असेल तर आरओचं पाणी मिसळून जडपणा हळूहळू खाली आणा. सामू कमी करायच्या बाटल्या मात्र घेऊ नका. आज सहा, उद्या सात असं हिंदकळणारं पाणी एंजलला स्थिर साडेसातपेक्षा जास्त त्रास देतं. जंगलातून पकडलेले मासे किंवा अल्टम ही एंजलची दुसरी जात असेल तर गोष्ट वेगळी. अल्टमला खरोखरच अतिशय मऊ, आम्ल आणि गरम पाणी लागतं आणि टँकमध्ये त्यांची पैदास करणं अनुभवी लोकांनाही जड जातं. तुमच्या जोडीला त्यातलं काही लागू नाही.

सकाळी अंडी नाहीशी होण्याचं उत्तर तुमच्या यादीतच आहे: प्लेको. दिवसा एंजल कोणालाही जवळ येऊ देत नाहीत, पण दिवा गेला की त्यांना दिसत नाही आणि प्लेकोला दिसण्याची गरज नसते. पाइपवरून तोंड फिरवत गेला की काम झालं. कोरीही त्यात मागे नसतात. कित्येकदा आईबाप स्वतःच खातात, पण त्यातही दोन प्रकार आहेत. पांढरं पडलेलं अंडं काढून खाणं ही साफसफाई आहे, ती त्यांनी करायलाच हवी. चांगली अंडीही खाल्ली तर समजायचं की त्यांना तिथे सुरक्षित वाटत नाही: शेजारी फार, सारखी ये-जा, अचानक दिवा गेला, कोणीतरी काचेवर टिचकी मारली. कोवळी जोडी तर पहिल्या तीन-चार खेपा जवळजवळ नेहमीच खाते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून जोडीला वेगळा टँक द्या. साठ सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद, पंचेचाळीस उंच, म्हणजे सुमारे एकशेवीस लिटर. उंची कमी करू नका. एंजल लांबीत नाही, उंचीत वाढतो. तळाला वाळू नको, सजावट नको. कोपऱ्यात एक स्पंज फिल्टर, हीटर, मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून गडद कागद, आणि एक स्लेटची पट्टी तिरकी, जवळजवळ उभी टेकवलेली. निसर्गात हे मासे पाण्यात बुडालेल्या उभ्या पानांवर, खोडांवर अंडी घालतात, म्हणून उभा गुळगुळीत पृष्ठभाग दिसला की तो त्यांना आपला वाटतो. स्लेट नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडाही चालतो. हीटरला मात्र जाळीचं आवरण घाला, नाहीतर त्यावरच अंडी घालतील.

स्पंज फिल्टर नवा कोरा लावू नका. महिनाभर आधी तो मोठ्या टँकमध्ये चालू ठेवा, म्हणजे त्यात माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू बसतील. नव्या टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत हे टेस्ट किटने पाहिल्याशिवाय मासे हलवायचे नाहीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उघडं ठेवून उडतं, पण क्लोरामीन असेल तर ते तसं उडत नाही. क्लोरीन काढणारं द्रावण प्रत्येक वेळी घालणं सोपं. दोघांना एकाच वेळी, शक्यतो एकाच जाळीत उचलून सोडा. एकाला आज आणि दुसऱ्याला दोन दिवसांनी नेलं तर आधी गेलेला जागा आपली मानतो आणि दुसऱ्याला झोडपतो. एवढं करूनही जागा बदलल्यावर काही जोड्या मोडतात. पर फाटलेले दिसले, एक जण सतत वरच्या कोपऱ्यात दडून बसला, तर मध्ये काच किंवा जाळी घालून दोन-तीन दिवस नुसतं एकमेकांना दिसू द्या. बहुतेक जोड्या यातून सावरतात.

अंडी काढून घ्यावीत की आईबापांकडे ठेवावीत, यावर हौशी लोकांत हमखास वाद होतो. जास्तीत जास्त पिल्लं हवी असणारे काढून घेतात. माझं मत विचाराल तर वेगळ्या टँकमध्ये गेल्यावर तीन-चार खेपा आईबापांना संधी द्या. कारण अगदी साधं आहे: पाहायला मिळणारा तो सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि पंख्यासारखे पर हलवून पाणी खेळतं ठेवणं, मेलेलं अंडं नेमकं टिपणं ही कामं एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आणि मेथिलीन ब्लू या निळ्या औषधापेक्षा आईबाप कितीतरी चांगली करतात.

२८ अंशांना अंडी साधारण दोन ते अडीच दिवसांत फुटतात. थंड पाण्यात जास्त वेळ लागतो. फुटण्याच्या आधी अंडं मधासारखं पिवळसर होतं आणि आत काळा ठिपका दिसतो. मग शेपट्या बाहेर येतात आणि पूर्ण स्लेट थरथरू लागते. पिल्लांचं डोकं चिकट धाग्याने स्लेटला अडकलेलं असतं, शेपटी तेवढी वळवळते. या वेळी नवखा माणूस हमखास घाबरतो, कारण आईबाप पिल्लांना तोंडात घेतात, चावल्यासारखं करतात आणि दुसरीकडे थुंकतात. खात नसतात, स्वच्छ करून जागा बदलत असतात. खाली पडलेलं एखादं पिल्लू उचलून पुन्हा घोसात चिकटवणं तर ते दिवसभर करतात. हे चार-पाच दिवस पिल्लांना काहीही द्यायचं नाही. पोटाखालची बलकाची पिशवी त्यांना पुरते, तोंडही अजून उपयोगाचं नसतं. तुम्ही टाकलेलं प्रत्येक अन्न फक्त पाणी खराब करेल.

अंडी घातल्यापासून सातव्या-आठव्या दिवशी पिल्लं पोहू लागतात. आधी थोडी, संध्याकाळपर्यंत सगळी, आईबापांभोवती ढगासारखी. पोटाखालचे लांब पर झटकून आईबाप इशारा करतात तशी पिल्लं जवळ येतात. रात्री खोलीत एक अगदी मंद दिवा राहू द्या. मिट्ट काळोख झाला की आईबाप बिथरतात आणि सकाळी पिल्लं नसतात. तुमच्या दोन्ही बाटल्या त्या दिवशी तयार हव्यात. पहिला घास चोवीस तासांच्या आत. बरोबर खाल्लं की काचेतून पिल्लाचं पोट चक्क नारिंगी दिसतं. काळ्या स्लेटसमोर टॉर्च धरून पाहिलं तर प्रत्येकाचं वेगळं मोजता येईल. ज्याचं नारिंगी नाही ते उपाशी आहे. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, त्यामुळे एकदम भरपूर टाकून मोकळं होण्यात काही अर्थ नाही.

आता आईबाप प्रत्येक वेळी खातच राहिले, तर अंडी काढून घ्या. अंडी घालून झाल्यावर काही तासांनी स्लेट उचलायची आणि त्याच टँकचं पाणी भरलेल्या आठ-दहा लिटरच्या काचेच्या भांड्यात ठेवायची. हवेत काही सेकंदांपेक्षा जास्त नको. एअरस्टोन अंड्यांसमोर असा ठेवायचा की बुडबुडे अंड्यांना लागू नयेत, पण त्यांच्यामुळे वाहणारं पाणी अंड्यांवरून जावं. मेथिलीन ब्लू पाणी फिकट आकाशी दिसेल इतकं, जास्त नाही. तुमच्या औषधाच्या प्रश्नाला एवढंच उत्तर. ते पांढऱ्या अंड्यांवरची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरू देत नाही. मेलेलं अंडं त्याने जिवंत होत नाही. मोठ्या टँकमध्ये ते ओतू नका, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतील आणि सिलिकॉनचे जोड कायमचे निळे होतील. पिल्लं फुटली की रोज निम्मं पाणी बदलून निळा रंग उतरवत आणायचा, म्हणजे पोहायला लागेपर्यंत पाणी स्वच्छ झालेलं असतं.

पिल्लं पोहू लागल्यावर एक उलटसुलट पेच येतो. टँक लहान हवा, म्हणजे आर्टेमिया तोंडासमोर दाट राहील; आणि टँक मोठा हवा, म्हणजे पाणी लवकर बिघडणार नाही. मी सुरुवातीला तीस-चाळीस लिटर घेतो आणि पाणी बदलण्यात कुचराई करत नाही. पहिले दोन-तीन दिवस तळाचा कचरा तेवढा काढायचा, नंतर रोज तीस ते पन्नास टक्के पाणी. हवेच्या पंपाची बारीक नळीच सायफन म्हणून वापरा आणि ती पांढऱ्या बादलीत सोडा. पिल्लू चुकून ओढलं गेलं तर पांढऱ्या तळावर लगेच दिसतं, चमच्याने उचलून परत टाकता येतं. ताजं पाणी त्याच तापमानाचं, धार न धरता हळूहळू. स्पंज दर दोन दिवसांनी टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. सामू साडेसातच्या वर असेल तर जास्त जागरूक राहा, कारण त्या पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. दुसऱ्या आठवड्यात पिल्लं पटापट मरू लागली की लोक रोग शोधतात. बहुतेक वेळा तो रोग नसतो, तळाशी कुजणारा आर्टेमिया असतो.

चार ते सहा आठवड्यांत वरचे-खालचे पर लांबतात आणि सरळ काडीसारखं पिल्लू एकाएकी एंजल दिसू लागतं. तोवर गर्दी कमी केलेली हवी. दोन महिन्यांच्या पिल्लाला मी प्रत्येकी चार लिटर तरी धरतो, म्हणजे तुमच्या एकशेवीस लिटरच्या टँकमध्ये तीस. आता हिशेब पाहा: चांगली मादी एका खेपेत दोनशे ते चारशे, कधी त्याहूनही जास्त अंडी घालते. सगळी वाचवायची हौस असेल तर आधी टँक मोजा. गर्दीत वाढलेल्या एंजलचे पोटाखालचे पर वाकडे होतात, वाढ खुंटते, आणि एकदा खुंटलेली वाढ पुढे कितीही खाऊ घातलं तरी पूर्ण भरून निघत नाही. मी म्हणेन, पहिल्यांदा पन्नास पिल्लांपेक्षा जास्त ठेवूच नका. उरलेली आईबापांसमोर राहू द्या. ती खाल्ली गेली तर निसर्गातही असंच होतं.

वाढताना कल्ल्यावरची झाकणं आखूड असलेली, पर दुमडलेली किंवा पोहायला सुरुवातच न करता तळाशी पोट घासत फिरणारी पिल्लं निघतील. तळाशी घासणारी बहुधा जगत नाहीत. बाकीची घरात पाळायला ठीक, पण पैदाशीला कधीच वापरू नका.

रंगाचं उत्तर सोपं आहे. ब्लॅक लेस म्हणजे ‘डार्क’ या जनुकाची एक प्रत. चंदेरी जोडीदाराकडे ती नाही. म्हणून तुमची पिल्लं साधारण निम्मी ब्लॅक लेस आणि निम्मी चंदेरी निघतील. पूर्ण काळं एकही नाही. दोन ब्लॅक लेस एकत्र आले तर सरासरी चौथा हिस्सा पूर्ण काळा निघतो. पण काळे एंजल हळू वाढतात, नाजूक असतात, त्यामुळे नुसत्या रंगासाठी तशी जोडी लावण्याची घाई नको. लांब परांच्या, म्हणजे व्हेल प्रकाराच्या बाबतीतही असाच हिशेब: दोन्ही बाजूंनी व्हेल घेतले तर काही पिल्लांचे पर इतके लांबतात की ते लोंबतात आणि फाटतात. एक व्हेल, एक साधा हीच जोडी शहाणपणाची. गोल्ड, म्हणजे सोनेरी रंग, मात्र दबका गुण आहे, दोन्हींकडून आला तरच दिसतो.

मादीच्या प्रकृतीवर लक्ष ठेवा. अंडी काढून घेत राहिलं की ती दहा-बारा दिवसांत पुन्हा घालते, आणि असं महिनोन्‌महिने चाललं तर खंगते. काही खेपांनंतर तापमान २५-२६ वर आणा, जिवंत खाद्य कमी करा, मध्ये काच घाला आणि महिना-दीड महिना जाऊ द्या. जोडीच्या टँकमध्ये नवा मासा, नवी वनस्पती किंवा दुसऱ्या टँकची ओली जाळी आणू नका. आणायचंच असेल तर नवीन माशाला चार-सहा आठवडे वेगळं ठेवून मगच. खाणं सोडून पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसू लागली तर आतड्यातल्या परजीवींची शंका घ्या. त्यावर मेट्रोनिडाझोल चालतं, आणि मासा खात असेपर्यंत ते खाद्यातून दिलं तर पाण्यात टाकण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

राहिले मोठ्या टँकमधले तीन एंजल. जोडी निघून गेल्यावर त्यांच्यात नव्याने मारामारी होईल, आठवडाभरात वरचढ कोण ते ठरेल, आणि कदाचित दुसरी जोडीही जमेल. तिघांत एकटा पडलेला सतत मार खात असेल तर त्याला काढावं लागेल. मोठा झाडांचा आडोसा किंवा उभी लाकडं घातली तर ती वेळ टळू शकते. आणि निऑनकडे पाहून घ्या. पूर्ण वाढलेल्या एंजलच्या तोंडात छोटा निऑन सहज मावतो, आणि तुमचे पाचही त्या आकाराच्या जवळ आले असणार. थव्यातली संख्या अधूनमधून मोजत जा.